प्रभात स्टुडिओचा हेरिटेज वॉक: जागेला पैकीच्या पैकी, गाइडला काठावर पास

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पुण्यात लॉ कॉलेज रोडला प्रभात फिल्म कंपनीचा जो जुना स्टुडिओ आहे, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याचा गाइडेड वॉक करावा का? करावा, नक्की करावा. पण आम्ही ज्या ग्रुपबरोबर गेलो त्यांच्याबरोबरच करा असं मी काही म्हणणार नाही. नाव घेत नाही त्यांचं, पोरं तरुण आहेत, हौशी आहेत, सुधारतील. आणि खरं सांगायचं तर वाईट म्हणावं असं त्यांनी काही केलं नाही, फक्त समोर एवढं मोठं घबाड पडलेलं असताना त्यातली चिल्लर तेवढी उचलून दाखवली.

मनात आलं आणि घुसलं असं तिथे होत नाही, चालू शिक्षणसंस्थेचं आवार आहे, मुलं शिकतायत, शूट चालू असतात, त्यामुळे परवानगी वगैरे लागते आणि ती भानगड ग्रुपवाले करून देतात, हा त्यांचा मोठा फायदा. बुकिंग सोपं होतं, पैसे भरल्या भरल्या मेसेज आला, कुठे जमायचं त्याचं लोकेशन आलं, सगळं टापटीप. वेळेवर सुरूही झालं, जे पुण्यात अपेक्षित आहे पण हल्ली होत नाही.

आमच्याबरोबर मामा होते. वीज मंडळातून रिटायर झालेले, सिनेमाचं वेड आहेच पण त्याहून जास्त वेड "हे चालायचं कसं" याचं. कुठेही न्या, आधी मीटर कुठंय ते बघणार. त्यांचा उल्लेख पुढे येत राहील कारण अर्ध्या वॉकमध्ये खरा गाइड तेच होते.

सुरुवात झाली ती झाडापासून. आवारात एक जुनं आंब्याचं झाड आहे, त्याला सगळे विज्डम ट्री म्हणतात, इन्स्टिट्यूटच्या पिढ्यानपिढ्या त्याच्याखाली बसून गप्पा मारत आल्या, बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक साठच्या दशकात इथे शिकवायला होते तेव्हा तेही त्याच्याखाली बसायचे. झाड सुंदर आहे, वाद नाही. पण तिथे आमचा जो वेळ गेला तो बघून मला वाटलं आपण वनस्पतीशास्त्राच्या सहलीला आलोय. फोटो, सेल्फी, मग ग्रुप फोटो, मग कुणीतरी राहिलं म्हणून परत ग्रुप फोटो. आणि मग इथून कोण कोण शिकून गेलं त्याची यादी. अहो ही यादी मोबाइलवर मिळते. मी इथे १९६० नंतरचं, म्हणजे इन्स्टिट्यूट आल्यानंतरचं, ऐकायला आलो नव्हतो, त्याआधी इथे काय चालायचं ते बघायला आलो होतो, आणि तिकीटही त्याच नावाने विकलं होतं ना तुम्ही.

मग आली ती देव आनंद आणि गुरुदत्तची शर्टाची गोष्ट. येणारच होती. दोघं इथे नवखे होते, लाँड्रीवाल्याने शर्टांची अदलाबदल केली, एकाच्या अंगावर दुसऱ्याचा शर्ट, त्यातून दोस्ती झाली आणि मग पुढे मोठे झालो की एकमेकांना काम द्यायचं ठरलं. छान गोष्ट आहे, कितीही वेळा ऐकली तरी हसू येतं. देव आनंदचा पहिला सिनेमा 'हम एक हैं' १९४६ चा, तो प्रभातचाच, आणि गुरुदत्त तेव्हा इथे नृत्यदिग्दर्शन आणि सहायक म्हणून होता. सगळं खरं. पण विचार करा, १९४६ म्हणजे प्रभातची संध्याकाळ. कंपनीच्या मालकांपैकी व्ही. शांताराम १९४२ लाच बाहेर पडून मुंबईला परळला राजकमल स्टुडिओ काढून बसले होते, दुसरे मालक विष्णुपंत दामले १९४५ ला वारले होते, कंपनी कशीबशी चालली होती आणि १९५३ ला बंदच पडली. म्हणजे ज्या काळासाठी या जागेचं नाव आहे तो काळ संपल्यावरची ही गोष्ट आहे, आणि आमच्या गाइडच्या सांगण्यात तीच मेन पिक्चर, बाकी सगळा ट्रेलर.

माझं म्हणणं काय आहे, की प्रभात हा आधी कारखाना होता. चांगल्या अर्थाने कारखाना. सुतारकाम इथेच, रंगकाम इथेच, कपडे इथे शिवायचे, दागिने-मुकुट इथे बनायचे, शूटिंग इथे, निगेटिव्ह धुवायची इथे, कापाकापी आणि जोडणी इथे, आवाज इथे, आणि नट-नट्यांपासून लाइटवाल्यापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. आज सेटवर जसं प्रत्येक माणूस दिवसाच्या हिशोबाने येतो आणि पॅकअप झालं की दुसऱ्या सेटवर पळतो तसं नाही. सकाळी कामावर यायचं, आज तुमचा सीन नसला तरी यायचं. आणि मालक म्हणजे कोण, तर हाताने काम करणारी माणसं. हे डोक्यात ठेवून त्या आवारात फिरलं ना की प्रत्येक भिंत बोलायला लागते, आणि हे न सांगता फिरवलं तर शेवटी काय, जुन्या शेड.

हे मालक पाच जण, ते कोण ते तरी नीट सांगायचं. १ जून १९२९ ला कोल्हापुरात कंपनी सुरू झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर, आणि पैसे घालणारे सीतारामपंत कुलकर्णी, जे सराफ होते. पहिले चौघे बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. आता बाबुराव पेंटर म्हणजे असा माणूस की बाहेरून कॅमेरा आणायचं जमेना तर कोल्हापुरात बसून कॅमेरा बनवला, आणि त्या खटाटोपात दामले होते. या तालमीतून आलेली माणसं आहेत ही. इथे स्क्रू कसा बसतो हे मालकाला माहीत असायचं. दामले आणि फत्तेलाल यांना सगळे मामा म्हणायचे, दामलेमामा आणि साहेबमामा. आवाजाचं खातं दामल्यांकडे, कलादिग्दर्शन म्हणजे सेट, कपडे, एकूण सगळा देखावा फत्तेलालांकडे. आणि या दोन मामांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, एक आवाजवाला आणि एक रंगवाला! आमच्या गाइडने दोघांची नावं एका दमात घेतली आणि पुढे गेला. आमचे मामा तिथेच थांबले, म्हणाले "अरे बाळा, मामांबद्दल सांग की अजून." बाळ म्हणाला "काका वेळ कमी आहे." झाडापाशी तो कमी नव्हता.

एक सरळ चूक पण सांगून ठेवतो कारण ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या मुलीने ती वहीत लिहून घेतली आणि मला राहवलं नाही. मोठ्या स्टुडिओसमोर उभं करून आम्हाला सांगितलं गेलं की पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' इथे शूट झाला. अहो नाही हो. तो १९३२ चा, आणि कंपनी पुण्यात आली १९३३ मध्ये. तो कोल्हापूरचा सिनेमा आहे, कोल्हापूरकरांनी ऐकलं असतं तर तिथल्या तिथे तांबड्या रश्श्यात बुडवला असता त्याला. पुण्यात आल्यावरचा पहिला म्हणजे 'अमृतमंथन', १९३४ चा. आणि सगळीकडे "आशियातला सगळ्यात मोठा", "भारतातला पहिला", "जगात गाजलेला", प्रत्येक दाराला एक बिरुद. एवढी बिरुदं लावायची या जागेला गरजच नाही.

उदाहरणार्थ 'अमृतमंथन' घ्या. त्यातला राजगुरूच्या डोळ्याचा क्लोजअप, पडदाभर एक डोळा, टेलिफोटो लेन्स लावून घेतलेला. हिंदीत ते काम चंद्रमोहनने केलं आणि मराठीत केशवराव दात्यांनी, म्हणजे एकच सेट, तीच गोष्ट, आणि दोन भाषांचे दोन सिनेमे. प्रभातमध्ये हे नेहमीचं होतं, सीन मराठीत घ्यायचा, मग तोच हिंदीत घ्यायचा, कधी नट तेच कधी वेगळे. डबिंग नाही, अख्खा सिनेमा दोनदा. आता ज्याने कधी एक मिनिटाचं रील जरी शूट केलंय त्याला कळेल हे काय काम आहे ते. लाइट तेच ठेवायचे, चहाचा कप टेबलावर जिथे होता तिथेच परत ठेवायचा, नट बदलला तर त्याच्या उंचीप्रमाणे सगळं परत बघायचं. फिल्मचा खर्च दुप्पट. हे सगळं आम्हाला त्या शेडमध्ये उभं राहून ऐकायला मिळालं असतं तर अंगावर काटा आला असता, मला हे आधी वाचलेलं आठवत होतं म्हणून मीच बायकोला हळू आवाजात सांगत होतो, तर मागून दोघं-तिघं सरकून जवळ आले ऐकायला. गाइडने जरा रागाने बघितलं. बरोबर आहे त्याचं पण.

आता स्टुडिओ. आम्ही गेलो तेव्हा एका ठिकाणी मुलांचं शूट चालू होतं म्हणून आत सोडलं नाही, दाराबाहेरून आवाज करू नका एवढंच, ते समजू शकतो, उलट ऐंशी-नव्वद वर्षांनी त्याच जागेत अजून कुणीतरी "सायलेन्स" ओरडतंय हे बघून मस्त वाटलं. दुसरीकडे आत जायला मिळालं. आणि इथे मी गाइडला माफ केलं, कारण त्या जागेत शिरल्यावर कुणी काही बोललं नाही तरी चालतं. छत एवढं उंच की मान दुखते. वर लाइट लावायला माणसांना चालता येईल अशा वाटा, सिनेमावाले त्याला तराफा म्हणतात. खाली मोकळी जमीन. खिडकी नाही. दार बंद केलं की बाहेरचा रस्ता गायब. एका बाईंनी टाळी वाजवून बघितली, आवाज जेवढा वाजला तेवढाच, मागे घुमणं जवळजवळ नाही. मी तीनचार पावलं चालून बघितलं तर स्वतःच्या बुटांचा आवाज एकदम अंगाशी आल्यासारखा वाटला. बाहेर घुमणाऱ्या जगातून आत आल्यावर कान थोडे दडे बसल्यासारखे होतात, तेवढं अनुभवायला तरी जा.

आणि मग मामांनी विचारलं, "एवढे लाइट लावायचे तर करंट कुठून यायचा?" गाइड गडबडला. म्हणाला "काका, तेव्हा पण लाइट होती पुण्यात." मामा म्हणाले ते मला माहितीये रे, मी आर्क लॅम्पचं विचारतोय. मग मामांनीच सांगायला सुरुवात केली की जुने स्टुडिओचे मोठे दिवे कार्बन आर्कचे असायचे, दोन कार्बनच्या कांड्या जवळ आणायच्या आणि त्यांच्यामध्ये ठिणगीचा झोत पेटता ठेवायचा, त्याला डीसी करंट लागायचा, कांड्या जळत जायच्या म्हणून एक माणूस दिव्यापाशी बसून त्या पुढे सरकवत राहायचा, धूर यायचा, उष्णता एवढी की मेकअप वितळायचा. आणि मूकपटाच्या काळात हे चालून गेलं पण आवाज आल्यावर पंचाईत झाली कारण आर्क गुणगुणतो, माइकमध्ये ते यायचं, म्हणून जगभरच स्टुडिओंना साध्या तारेच्या मोठ्या बल्बांकडे वळावं लागलं. सगळा ग्रुप मामांभोवती गोळा. मी गाइडकडे बघितलं तर तोही ऐकत होता, आणि इथे त्याला एक मार्क वाढवून दिला मी, कारण तोंड वाकडं न करता त्याने नंतर मामांना दोन प्रश्न विचारले.

आवाजाचं प्रकरण तर मी म्हणतो वॉकचा मुख्य भाग करा. सुरुवातीच्या बोलपटांत प्लेबॅक नव्हतं, नटाने तिथेच उभं राहून गायचं, पेटीवाला तबलेवाला कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात बसायचे, माइक कुठेतरी वर नाहीतर झाडीत लपवलेला, आणि नट हलला की आवाज गेला. म्हणूनच नटसुद्धा गाणारे घ्यायचे. आवाज फिल्मच्या कडेला बारीक पट्टीत प्रकाशाने छापला जायचा, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही शेवटी प्रकाशच. कधी ३५ एमएमची पट्टी हातात आली तर उजेडाला धरून बघा, भोकांच्या आत एक पांढरी-काळी नागमोडी रेघ किंवा बारीक आडव्या रेषांची पट्टी दिसते, तेच गाणं, तेच रडणं, तेच संवाद. सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ९० फूट फिल्म, हजार फुटी रीळ म्हणजे अकरा मिनिटं. चुकलात तर फुटांच्या हिशोबात पैसे गेले.

आणि याच लोकांनी नंतर आवाज असा हातात घेतला की १९३७ च्या 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीतच नाही! संगीत केशवराव भोळ्यांचं, गाणी आहेत, पण सीनच्या मागे व्हायोलिनं वगैरे काही नाही, घरातले, रस्त्यावरचे जे आवाज असतील तेच. नवा खेळणा हातात आला की माणूस सगळीकडे वाजवत सुटतो, इथे पाच-सहा वर्षांत हे लोक म्हणतायत की नको, गप्प बसू, घड्याळाची टिकटिक ऐकू दे लोकांना. मला तर हा सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो, पुष्पक विमानापेक्षा मोठा. वॉकमध्ये 'कुंकू' एका वाक्यात आटोपला. "स्त्रीप्रधान चित्रपट." झालं.

स्त्रीप्रधान म्हणालात तर शांता आपट्यांचं तरी सांगा राव! 'कुंकू'ची नायिका, आणि १९३९ मध्ये याच स्टुडिओच्या दारात पगाराच्या आणि कराराच्या भांडणावरून उपोषणाला बसली. स्वतःच्या कंपनीच्या दारात! नटी! १९३९ साली! वर म्हणालो ना महिन्याच्या पगारावरची माणसं, त्याची ही दुसरी बाजू, कारखाना म्हटलं की शिस्त आली, शिस्त म्हटली की भांडण आलं. गेटपाशी आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा तिथेच उभं करून ही गोष्ट सांगता आली असती, नुसत्या या एका गोष्टीवर तिकीट वसूल झालं असतं. आम्हाला गेटपाशी काय सांगितलं तर पाण्याची बाटली घ्या आणि एकत्र चाला.

तळ्याजवळ गेलो. त्याला शांताराम पाँड म्हणतात, पाण्यातल्या सीनसाठी वापरायचे. आता बघितलं तर फार मोठं वाटत नाही, आणि तीच तर मजा आहे, पडद्यावर नदी वाटायला नदी लागत नाही, कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळावं लागतं. कॅमेरा खाली पाण्यालगत आणला की पलीकडचा काठ दिसतच नाही. मी उकिडवा बसून मोबाइल खाली धरून बघितलं, खरंच, थेट समुद्र नाही पण गोदावरी नक्की वाटली. बायको म्हणाली उठा आता, लोक बघतायत. पण दोन शाळकरी पोरं लगेच माझ्यासारखी बसली आणि बघायला लागली, त्यांना ते विज्डम ट्रीपेक्षा जास्त आवडलं. ग्रुपवाल्यांनी हे घ्या शिकायला, फुकट सल्ला आहे.

म्युझियम मात्र खरंच बघण्यासारखं. आवारातच आहे, प्रभातच्या काळातले कपडे, वापरातलं सामान, यंत्रं ठेवलीयत. आणि इथे आम्हाला हाकललं म्हणजे अक्षरशः हाकललं, चला चला, पुढची बॅच येतेय. आता एवढा वेळ बाहेर उन्हात घालवून इथे घाई करायची हे गणित मला कळलं नाही. मी एका पोशाखासमोर उभा होतो आणि डोक्यात एकच, की हे सगळं काळ्यापांढऱ्यासाठी शिवलेलं आहे. कॅमेऱ्याला रंग दिसत नाही, फक्त गडद आणि फिकट दिसतं, मग कापड निवडणाऱ्याला समोर झगमगीत रंग दिसत असताना डोक्यात राखाडी बघावं लागत असेल. लाल आणि हिरवा डोळ्याला किती वेगळे, फिल्मवर एकसारखे होऊ शकतात. मूकपटाच्या काळातली फिल्म तर अशी होती की लाल तिच्यावर चक्क काळा पडायचा. म्हणजे नायिकेच्या कपाळावरचं कुंकू म्हणजे एक गडद ठिपका, आणि त्याचं कुंकूपण बघणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. साहेबमामांसारख्या चित्रकाराने हे कसं जमवलं असेल असा विचार करतोय तोवर मागून "सर पुढे चला." बरं बाबा.

रंगावरून आठवलं, रंगाचाही प्रयत्न केला होता त्यांनी, १९३३ चा 'सैरंध्री', प्रिंटचं काम जर्मनीत केलं आणि रंग काही मनासारखे आले नाहीत. हेही आमच्या वॉकमध्ये आलं नाही कारण ती फसलेली गोष्ट आहे, आणि वॉकमध्ये फक्त यश सांगायचं असतं बहुतेक. पण कारखान्याचा इतिहास म्हणजे काय, फसलेला मालच जास्त शिकवतो.

'संत तुकाराम'बद्दल मात्र गाइड मनापासून बोलला, ते मान्य. १९३६ चा सिनेमा, मुंबईत एका थेटरात ५७ आठवडे चालला, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचं कौतुक झालं. विष्णुपंत पागनीस तुकाराम, जे आधी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करायचे, आणि जिजाईचं काम करणारी गौरी, जी कंपनीत एक्स्ट्रा म्हणून होती. परत तेच बघा, कंपनीत पगारावर असलेली बाई, कुणाच्यातरी नजरेत भरली आणि तिला एवढं मोठं काम मिळालं, आणि काय केलंय तिने ते! म्हशीला बोलते, नवऱ्याला बोलते, देवाला बोलते, सगळ्यांना एकाच सुरात. मला विचाराल तर तो सिनेमा तिचा आहे. आणि त्यातलं 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण लोक ते तुकारामांचाच अभंग समजतात. हे सांगितल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एक आजी म्हणाल्या "काहीतरीच काय, आमच्या भजनी मंडळात म्हणतो आम्ही, तुकोबाचंच आहे ते." गाइड बिचारा म्हणाला, "आजी, सिनेमासाठी लिहिलंय." आजींनी ऐकून घेतलं आणि मैत्रिणीला म्हणाल्या याला काही माहीत नाही. आठवल्यांना यापेक्षा मोठी पावती कोण देणार!

शेवटी एक गोष्ट अगदीच राहून गेली आणि ती राहायला नको होती. हे सिनेमे ज्या फिल्मवर होते ती नायट्रेटची. पेटली की विझत नाही, स्वतःचाच ऑक्सिजन तयार करते, पाण्याखाली घातली तरी जळत राहते. आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांत आपोआप सडते, चिकट होते, शेवटी भुगा. त्यातून जुन्या फिल्ममधली चांदी काढायला लोकांनी रिळंच्या रिळं विकून टाकली. १९६४ ला जुने सिनेमे जपणारं फिल्म अर्काइव्ह सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी अक्षरशः दारोदार फिरून जे मिळेल ते गोळा केलं म्हणून आपल्याला आज काहीतरी दिसतंय. आणि २००३ मध्ये इथेच, याच आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि प्रभातचाही मूळ माल त्यात गेला. बघायला आलेल्या माणसाला हे कळलंच पाहिजे. वॉकच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेण्यात जो वेळ गेला त्यात हे सांगून झालं असतं. मी तो फॉर्म भरला, त्यात हे सगळं लिहायला दोन ओळींची जागा होती, म्हणून इथे लिहितोय.

अजून बारीकसारीक. कमरेला अडकवायचा स्पीकर होता गाइडकडे, तो मध्येच खरखरायचा, आवाजाच्या बाबतीत एवढं नाव काढलेल्या कंपनीच्या आवारात ते जरा कसंतरीच वाटलं. ग्रुप फार मोठा होता, निम्मे केले तर बरं. बसायला मध्ये जागा देत नाहीत, ज्येष्ठांना त्रास होतो, आमचे मामा दणकट आहेत पण त्या आजी दोनदा कट्ट्यावर टेकल्या आणि दोन्ही वेळा ग्रुप पुढे गेला, शेवटी आम्हीच थांबलो त्यांच्यासाठी. लहान मुलं, म्हणजे अगदी लहान, आणू नका, कंटाळतात. शाळेतली मोठी मुलं आणा, मोबाइलवर व्हिडिओ करणारी तर नक्कीच आणा, त्यांना ते तळं आणि तो बंद स्टुडिओ फार पटकन कळतो.

जायच्या आधी घरी दोन सिनेमे बघून जा, 'संत तुकाराम' आणि 'कुंकू', आणि 'कुंकू' बघताना गोष्टीपेक्षा आवाज ऐका. वेळ असेल तर 'माणूस' आणि 'शेजारी' पण बघा, 'शेजारी'तलं धरण फुटतं तो सीन बघून ठेवलात तर आवारात फिरताना तुम्हीच विचाराल की हे इथे केलं कसं, आणि गाइडला उत्तर आलं नाही तरी प्रश्न तरी तुमचा बरोबर असेल.

रेटिंग द्यायचं तर जागेला पाचपैकी पाच, म्युझियमला पाच, बुकिंग आणि वेळेला चार, सांगण्याला दोन, आणि आमच्या मामांना पाच पण ते तिकिटात येत नाहीत. सकाळची बॅच घ्या, दुपारी ऊन फार लागतं. ग्रुपवाल्यांनी हे वाचलं तर एवढंच करा, झाडाचा वेळ अर्धा करून तो म्युझियमला द्या, आणि गेटपाशी शांता आपट्यांना उभं करा.